घरात दोन मेंढपाळ जातीची कुत्री, त्यात तिसरा फोस्टर: एकत्र शिकवायचं की वेगवेगळं?

मृण्मयी_बावधन

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. भैरू हा जर्मन शेफर्ड, वय नऊ, मागच्या पायांनी आता जड झालाय. चिंगी ही बॉर्डर कॉली, चार वर्षांची. बावधनला तळमजल्यावर राहतो, मागे छोटं अंगण आहे. गेल्या महिन्यात ओळखीच्या रेस्क्यू ग्रुपकडून बंड्या फोस्टरला आला. तोही बॉर्डर कॉली, सव्वा वर्षाचा, हिंजवडीकडच्या एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेला. त्या घरातल्या लहानग्याच्या टाचेला त्याचे दात लागले, म्हणून त्यांनी त्याला सोडलं. मूल दोन वर्षांचं आहे, त्यांची काळजी मला समजते.

बंड्या आमच्याकडे कायमचा नाही, चांगलं घर मिळेपर्यंतच आहे. पण तोवर घरात शांतता हवी आणि जाताना तो शिकून जायला हवा.

सध्या घडतं ते असं. भैरू पाणी प्यायला उठला की बंड्या वळसा घालून त्याच्या पुढे जातो, पोट जमिनीला टेकवतो आणि एकटक बघतो. भैरू माघारी फिरून परत आडवा होतो. चिंगीला हा प्रकार कळतो, तीही कॉलीच आहे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दारात दोघांची नजरानजर होते आणि मग दात दिसतात. फिरायला नेलं की बंड्याला प्रत्येक स्कूटर म्हणजे पळालेली मेंढी वाटते. आणि मी एकाला 'बस' म्हटलं की तिघंही एकमेकांकडे बघतात.

दोन प्रश्न आहेत. एक, तिघांना एकत्र शिकवायचं की वेगवेगळं? दुसरा, अशा कुत्र्यासाठी कसं घर शोधायचं? भेटेल तो म्हणतोय, "शेतावर द्या", "धनगराला द्या". मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही.

केतकी_स

आधी तिघांचे फोटो टाका, मग चर्चा.

अण्णा_सदाशिव

मृण्मयी, वेगवेगळंच शिकवायचं. वडिलांच्या काळापासून आमच्या घरात जर्मन शेफर्ड आहेत, त्यावरून सांगतो.

भैरू आणि बंड्या दोघं मेंढपाळ खरे, पण दोघांची कामं निराळी. माक्स फॉन श्टेफानित्झ या जर्मन कॅप्टनने १८९९ मध्ये जर्मन शेफर्डची संस्था काढली आणि होरांड नावाचा कुत्रा नोंदवहीत पहिला लावला. तिकडे मेंढ्या चारायच्या त्या कुंपण नसलेल्या शेतांच्या मधल्या पट्ट्यात. पिकाच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालायच्या आणि मेंढीने हद्द ओलांडली की तिला आत ढकलायचं, हे कुत्र्याचं काम. तुमचा भैरू फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत रोज त्याच वाटेने फिरत असेल, बघा. कॉलीचं उलट. डोंगरावर पांगलेली मेंढरं लांबून वळसा घालून गोळा करायची आणि माणसाकडे आणायची. म्हणजे एकाला सगळं हद्दीत हवं, दुसऱ्याला सगळं हलतं हवं. भैरू हळू चालतो, अडवलं की थांबतो. बंड्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगली मेंढी नाही.

पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, आजच. म्हाताऱ्या कुत्र्याला पाण्यासाठी कोणाची परवानगी लागता कामा नये. बाकी, भैरूला एकदा त्याच्यावर मनसोक्त गुरगुरू द्या, पोरगं आपोआप जागेवर येईल.

रानवारा

अण्णा, इतिहासाला शंभर टक्के अनुमोदन, शेवटच्या वाक्याला नाही.

भैरूने गुरगुरावं, त्याला त्याबद्दल कधीही दटावू नये. गुरगुर ही सूचना असते, ती दाबली की कुत्रा सूचना न देता चावायला शिकतो. पण गुरगुरल्यावर पुढचं माणसाने करायचं. नऊ वर्षांचा, मागचे पाय कमजोर झालेला कुत्रा सव्वा वर्षाच्या कॉलीशी झुंजला तर हरेल, आणि हरल्यावर त्याचं स्वतःच्या घरातलं स्वास्थ्य संपेल. बंड्या पोट टेकवून नजर रोखायला लागला, त्याच क्षणी त्याला हाक मारून आपल्याकडे घ्यायचं. शांतपणे, खाऊ देऊन. भैरू उठून पाणी पिऊन येईपर्यंत बंड्या तुमच्याजवळ. रोज, प्रत्येक वेळी.

मी पुण्यात कुत्र्यांना शिकवण्याचं काम करते, त्यामुळे गाड्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते. या एका कारणाने सोडून दिलेल्या कॉली मी बऱ्याच बघितल्यात.

लांडगा शिकार करतो त्याचा एक क्रम असतो. हेरायचं, नजर रोखायची, दबा धरून सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं. माणसाने कॉली घडवताना यातले पहिले टप्पे पिढ्यानपिढ्या निवड करून धारदार केले आणि शेवटचे दाबून टाकले. म्हणून कॉलीला पाठलागाच्या शेवटी काही मिळावं लागत नाही, पाठलाग हाच तिचा पगार. तुम्ही मागून कितीही ओरडा, त्या पगारापुढे ओरडणं टिकत नाही. उलट प्रत्येक स्कूटर शेवटी निघूनच जाते, त्यामुळे बंड्याचा समज पक्का होतो की आपण तिला हाकललं.

म्हणून पहिली गोष्ट, पाठलागाची संधी बंद. पौड रोडच्या फुटपाथवर हे शिकवता येत नाही. रविवारी पहाटे एखाद्या मोठ्या मैदानाच्या पार आतल्या टोकाला जा, जिथून रस्ता दिसतो पण गाडी अगदी लहान दिसते. छातीचा पट्टा आणि आठ-दहा मीटर लांब दोरी. गाडी दिसली आणि बंड्याने फक्त पाहिलं, की लगेच खाऊ. पाहिलं, खाऊ. पाहिलं, खाऊ. काही दिवसांनी तो गाडी दिसल्यावर स्वतःहून तुमच्याकडे वळून बघेल, ते हवंय. कान पुढे, डोकं खाली, शेपूट खाली आणि अंग जमिनीकडे गेलं तर उशीर झाला, तोंडात चिकन ठेवलं तरी तो गिळणार नाही. अशा वेळी रागावू नका, अंतर वाढवा. अंतर कमी करण्याची घाई सगळे करतात. एका आठवड्यात दहा पावलंच पुढे सरकलात तरी उत्तम.

इलेक्ट्रिक स्कूटर वेगळी सवयीची करावी लागते, ती आवाज न करता अचानक येते.

आणि कृपा करून चेंडू फेकणं थांबवा. दमवण्यासाठी लोक तासभर चेंडू फेकतात. त्याने कॉली दमत नाही, पाठलागाचा सराव करते. त्याऐवजी अंगणात गवतावर तिचं जेवण विखरून द्या, नाकाने शोधू दे.

निनाद_८८

म्हणजे माझ्या भाच्यांनाही जेवण गवतावर विखरून दिलं तर संध्याकाळी शांत बसतील का? :) आज ताईला सुचवून बघतो.

बाकी रानवारा, 'पाठलाग हाच पगार' हे एकदम पटलं.

सायली_पी

सगळं वाचलं. मी कुत्रेप्रेमी नाही हे आधीच सांगते, पण भांडायला आलेली नाही. आमच्या सोसायटीत एका अशाच कुत्र्याने खेळणाऱ्या मुलांना गोल फिरून एका कोपऱ्यात जमा केलं. व्हिडिओ सगळ्यांनी हसत पाहिला. माझी मुलगी त्या कोपऱ्यात रडत होती. तिला अजून लिफ्टमध्ये कुत्रा असला की जिन्याने जायचं असतं. इथे सगळा विचार कुत्र्याच्या बाजूने चाललाय. जो कुत्रा टाचा चावतो तो शहरात कशाला हवा, हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही.

रानवारा

सायली, अजिबात चुकीचा नाही. तुमच्या मुलीला जे वाटलं त्यावर हसणं मलाही आवडलं नसतं.

टाचेला दात लावणं हेही कामाचाच भाग आहे. गुरं हाकणाऱ्या जाती, म्हणजे ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग किंवा कॉर्गी, टाचेला चिमटा घेऊनच जनावर हलवतात. कॉलीने चावू नये अशी अपेक्षा असते, पण शिकवलं नाही आणि समोर पळणारं, किंचाळणारं मूल आलं तर ती तेच करते. त्यामुळे नियम मोठ्यांसाठी आहे. सामायिक जागेत पट्टा हातात, अपवाद नाही. घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि असा कुत्रा मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नाही. दारात लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक लावा. मुलांना एकच शिकवा, कुत्रा मागे आला तर पळायचं नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. हललं नाही की हाकायला काही उरत नाही.

सायली_पी

हे झाड होण्याचं मुलीला शिकवते. धन्यवाद.

विन्या_यॉर्कशायर

मृण्मयी ताई, इकडे इंग्लंडमध्ये स्किप्टनजवळ राहतो. शेजारी मेंढ्यांचं फार्म आहे, त्या काकांबरोबर बऱ्याचदा जातो. तुमच्या 'बस म्हटलं की तिघं एकमेकांकडे बघतात' या प्रश्नाचं उत्तर इकडे फार पूर्वीपासून तयार आहे.

काका दोन कुत्री एकदम चालवतात तेव्हा प्रत्येकाचे शब्द वेगळे असतात. एका कुत्रीला घड्याळाच्या दिशेने पाठवायचं तर 'कम बाय', उलट दिशेने 'अवे'. दुसरीला त्याच कामासाठी निराळे शब्द, शिवाय निराळ्या शिट्ट्या. स्पर्धेत जोडी चालवणारे बरेच जण असंच करतात. ज्यांना शब्द वेगळे ठेवायचे नसतात ते आधी नाव घेतात आणि मग हुकूम देतात. म्हणजे नाव आलं नाही तर हुकूम माझ्यासाठी नाही, हे कुत्र्याला आधी शिकवतात. तुम्ही 'बंड्या... बस' असं म्हणा, नाव आणि हुकूम यांत श्वासभर थांबा. आणि चिंगी न बसता तुमच्याकडे बघत राहिली तर तिलाही खाऊ द्या, कारण तिने बरोबर ऐकलं.

दुसरं, इकडे येईपर्यंत मला वाटायचं की ही कुत्री दिवसभर पळतात. तसं नाही. काम असतं तेव्हा झपाट्याने, मग 'दॅट विल डू' म्हटलं की काम संपलं. कुत्रा मेंढ्यांकडे पाठ फिरवून येतो आणि ट्रॅक्टरच्या सावलीत झोपतो. सगळ्या हुकुमांत काका याला सर्वांत जास्त महत्त्व देतात. घरात पाळलेल्या कॉलीला 'कर' खूप जण शिकवतात, 'संपलं' कोणी शिकवत नाही.

अवांतर: वेल्समधल्या बाला इथे १८७३ मध्ये पहिली मोठी स्पर्धा झाली असं मानतात. आणि आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ १८९३ मध्ये जन्मलेल्या हेम्प नावाच्या एका कुत्र्यापर्यंत जाते. नॉर्थम्बरलंडच्या ॲडम टेल्फर यांचा. तो शांतपणे, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा, म्हणून त्याची पिल्लं सगळ्यांना हवी असायची. बंड्या भैरूकडे बघतो ती नजर तिथून आलीये.

निनाद_८८

अवांतरात भर: अमेरिकेतल्या चेझर नावाच्या बॉर्डर कॉलीला १०२२ खेळण्यांची नावं वेगवेगळी ओळखता येत होती. २०११ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. तिच्या मालकांनी, ते मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, रोज कित्येक तास तिला शिकवलं होतं. तेव्हा बंड्याला तीन नावांतलं आपलं ओळखायला अडचण येऊ नये!

केतकी_स

फोटो अजून आले नाहीत.

फलटणचा_पोर

'धनगराला द्या' हे वाचून लिहायला बसलो. मी धनगराच्याच घरातला. आता वाघोलीला राहतो, संगणकावर काम करतो, पण आजोबा, चुलते आयुष्यभर मेंढरांमागे फिरले. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा आमचा फिरता तळ, घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या आधी माघारी यायचा. घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, लहान पोरं, सगळं. शाळेला सुट्टी लागली की मी वाड्यावर.

आमच्या वाड्यावरची कुत्री मेंढरं वळत नाहीत. वळायचं काम माणूस करतो. पुढे एक जण चालतो, मागे एक जण, तोंडाने आवाज काढतात, शिट्टी घालतात. मेंढरं तो आवाज ओळखतात. कुत्रं दिवसा बऱ्याचदा बिऱ्हाडाबरोबर चालतं नाहीतर सावलीला पडलेलं असतं. त्याचं काम रात्री. शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की कुत्री चहूबाजूंनी पडून राहतात, आणि लांडग्याचा वास आला की उठतात. सासवड-जेजुरीपासून बारामती-इंदापूरपर्यंतच्या माळांवर लांडगा आहे, जुन्नरकडे बिबट्या. त्या बाजूला कुत्रं गमावलं नाही असा वाडा सापडणं अवघड.

ही कुत्री पिल्लू असल्यापासून कोकरांत झोपतात. मेंढरू पळालं तर ती मागे धावत नाहीत, त्यांना त्यात रस नसतो. एखादं कुत्रं मेंढरांमागे धावायला लागलं तर आजोबा त्याला वाड्यावर ठेवत नसत. "पळवणारं कुत्रं आन् लांडगा मेंढराला येकच," असं म्हणायचे. गाभण मेंढी कुत्र्याने पळवली तर गाभडते, एका सकाळी वर्षाचं नुकसान होतं. आणि आमच्या दख्खनी मेंढीला कुत्र्याने वळायची सवयच नाही. बंड्यासारखा कुत्रा समोर आला तर अर्धी पांगतील, एखादी शिंग नसलं तरी टक्कर मारेल.

आता बंड्याचा विचार करा. फ्लॅटमध्ये वाढला, एवढे केस, मे महिन्यात माळावर सावली नाही, रोज पायी चाल. रात्री लांडगा आला तर तो लढणार कसा, त्याला ते कधी कोणी शिकवलेलंच नाही. लोक प्रेमाने बोलतात हे मला कळतं. पण धनगराकडे जागा मोकळी असते म्हणून कुत्रा सुखी होईल असं नसतं. तिथे प्रत्येक जिवाला काम असतं आणि त्याचं काम तिथे नाही.

ताई, तुम्हाला पटत नव्हतं ते बरोबरच होतं.

अण्णा_सदाशिव

या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. दिवसा सावलीला झोपणारं कुत्रं पाहून आपण त्याला आळशी समजतो. यापुढे नाही.

मृण्मयी_बावधन

फलटणचा_पोर, दादा, मनापासून आभार. 'तिथे प्रत्येक जिवाला काम असतं आणि त्याचं काम तिथे नाही', हे मी रेस्क्यू ग्रुपला जसंच्या तसं पाठवलंय. पुढच्या कुत्र्याच्या वेळीही उपयोगी पडेल.

डॉ_टेकडी

उशिरा आलो. पशुवैद्य आहे. प्रशिक्षणाबद्दल वर चांगलं लिहिलंय, मी औषधांबद्दल लिहितो, कारण या जातींत त्यावरून जीव जाऊ शकतो.

कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये एमडीआर१ या जनुकात दोष असू शकतो. हे जनुक मेंदूत शिरलेलं औषध बाहेर टाकणारं प्रथिन बनवतं. ते बिघडलं असेल तर काही औषधं मेंदूत साठतात. रफ कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात हा दोष खूप आढळतो, बॉर्डर कॉलीत कमी, जर्मन शेफर्डमध्येही काही जणांत. आपल्याकडे खरूज किंवा गोचीड झाली की आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं, कधी कधी औषधाच्या दुकानातून आणून घरीच. त्या मोठ्या मात्रेत दोष असलेला कुत्रा लाळ गाळतो, बुबुळं विस्फारतात, झोकांड्या खातो, थरथरतो, बेशुद्ध होऊ शकतो. जुलाब झाले म्हणून माणसांची लोपेरामाइडची गोळीही देऊ नका, तोच धोका. गालाच्या आतल्या बाजूच्या नमुन्यावरून तपासणी होते. बंड्याची करून घ्या आणि अहवाल नव्या घराला द्या. तोपर्यंत डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, कॉली आहे.

गोचीड ताप पुण्यात वर्षभर बघतो. कुत्रा मलूल, जेवण सोडलं, ताप, हिरड्या फिक्या किंवा हिरड्यांतून रक्त, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रक्तातल्या प्लेटलेट घसरलेल्या असतात. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड काढून भागत नाही, ती भिंतीच्या फटीत, कुंड्यांखाली अंडी घालते. तीन कुत्र्यांच्या घरात तिघांनाही एकाच दिवशी औषध.

इतर फोस्टर घेणाऱ्यांसाठी: नवा कुत्रा आला की साधारण दोन आठवडे त्याची भांडी, अंथरूण, फिरण्याची वेळ वेगळी ठेवा. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे संसर्गजन्य आजार तेवढ्यात डोकं वर काढतात. ओळखपाळख नंतर करता येते.

उन्हाचं: केस भादरू नका. तो दुहेरी थर उन्हापासूनही वाचवतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नका.

हर्षल_आंबेगाव

डॉक्टर, एक विचारायचं होतं. 'ब्लू मर्ल' रंगाचं, म्हणजे निळसर करड्यावर गडद ठिपके असलेलं, पिल्लू दुप्पट किमतीला सांगत आहेत, दोन्ही आईबाप मर्ल आहेत म्हणून 'रंग पक्का' म्हणे. घ्यावं का?

डॉ_टेकडी

घेऊ नका. मर्लला मर्ल लावली की सरासरी चारातल्या एका पिल्लात ते जनुक दोन्हीकडून येतं. अशी पिल्लं पुष्कळदा बहिरी, आंधळी किंवा दोन्ही जन्मतात. मर्ल सुंदर दिसतो, पण जोडीदार साध्या रंगाचा हवा. ज्याला हे माहीत नाही किंवा माहीत असून करतो, त्याच्याकडून कुठल्याच रंगाचं पिल्लू घेऊ नका.

सोसायटी_सचिव

थोडं कोरडं पण गरजेचं. बंड्या फोस्टर असला तरी रेबीजच्या लशीचा दाखला घरात हवा. नव्या मालकाने पुणे महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढायचा, त्यालाही लशीचा दाखला लागतो. सोसायटीला ठराव करून कुत्री पाळायला बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना स्पष्ट आहेत. त्याचबरोबर सामायिक जागेत पट्टा आणि घाण उचलणं हे मालकाचं कर्तव्य आहे. सचिव म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या दोन गोष्टींच्या असतात, कुत्र्याच्या नसतात.

मृण्मयी_बावधन

मंडळी, थोडे आठवडे गेले, आता लिहिते. फोटो टाकलेत, केतकी. :)

एकत्र की वेगवेगळं याचं आमच्या घरात सापडलेलं उत्तर असं. नवी गोष्ट वेगवेगळी शिकवायची, वाट बघणं एकत्र शिकवायचं.

तिघांना तीन चटया दिल्या. सकाळी प्रत्येकाला पाच-सात मिनिटं स्वतंत्र, बाकीचे दोघं जाळीच्या फाटकापलीकडे. ते जमल्यावर फाटक उघडलं. आता एक काम करतो, दोघं चटईवर थांबतात, आणि थांबणाऱ्यांना मी जास्त खाऊ देते. सुरुवातीला चिंगीला हे अजिबात मान्य नव्हतं. तिला प्रत्येक हुकूम आपलाच वाटायचा. विन्याने सांगितलं तसं आधी नाव, मग श्वासभर थांबून हुकूम, याने फरक पडला. भैरू चटईवर फार खूश आहे. त्याला तिथे कोणी उठवत नाही.

जेवण तिघांचं तीन खोल्यांत, दारं बंद. भांडी उचलल्यावरच दारं उघडतात. स्वयंपाकघराच्या दारातली नजरानजर थांबली, कारण स्वयंपाक चालू असताना फाटक लावलेलं असतं आणि त्या जागेवर हक्क सांगण्यात काही अर्थ उरला नाही. तीन कुत्र्यांचं घर हे जुन्या एकत्र कुटुंबासारखं आहे, ज्याचं त्याचं ताट आणि ज्याची त्याची झोपायची जागा ठरलेली असली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

भैरूवर नजर रोखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. पण हाक मारली की बंड्या मान वळवतो. आता तर कधी कधी भैरू उठला की स्वतःच माझ्याकडे येऊन बसतो, खाऊ मागायला. हे मला मंजूर आहे.

गाड्यांचं काम चालू आहे. मैदानाच्या आतल्या टोकावरून निम्म्यापर्यंत आलोय. सायकल आणि स्कूटर चालतात, बुलेट अजून नाही.

'संपलं' हा हुकूम मात्र घरातल्या सगळ्यांना लागू झालाय. काम झालं की दोन्ही तळवे दाखवून 'संपलं' म्हणते, चटया गुंडाळते, पंखा लावते. दुपारी तिघं झोपतात. आधी मी त्यांना दमवायच्या मागे होते तेव्हा संध्याकाळी घरात धिंगाणा असायचा, आता फिरणं कमी आणि झोप जास्त, तरी घर शांत आहे.

रानवारा

बुलेटसाठी आधी नुसता आवाज. मोबाइलवर अगदी हळू लावा, जेवताना. मग मोठा. मग उभी बुलेट, मग चालू करून उभी, आणि सगळ्यात शेवटी चालती. भैरू उठल्यावर बंड्याने तुमच्याकडे येणं हे तर सुवर्णपदक आहे!

गौरी_सासवड

मृण्मयी ताई, मी धागा सुरुवातीपासून वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं. आम्ही सासवडला राहतो, मी आणि नवरा, दोघंही घरूनच काम करतो. मुलगी तेरा वर्षांची. आमची कॉली म्हातारपणाने गेली त्याला वर्ष झालं. मेंढ्या नाहीत, शेत नाही, बंगल्याला कुंपण आहे. तुम्ही शेतावर द्यायचं नाही म्हणताय म्हणून विचारण्याचं धाडस करतेय. आमच्यासारखं घर चालेल का?

मृण्मयी_बावधन

गौरी, मला अगदी असंच घर हवंय. घरात दिवसभर माणूस, पळणारं लहान मूल नाही, मजबूत कुंपण आणि कॉली म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं. जागा किती मोकळी आहे हे त्यानंतर. एवढंच, की कुंपण खालून बघून घ्या, तो पोट टेकवून सरकतो.

एकदम घेऊन जाऊ नका. आधी इकडे या. तिघींनी मिळून, म्हणजे तुम्ही, मुलगी आणि मी, त्याला मैदानावर चालवू. नंतर मी त्याला तुमच्याकडे घेऊन येईन, चटईसकट. त्यापुढे दोन आठवडे तो तुमच्याकडे राहील. नाही जमलं तर कोणालाही वाईट न वाटता तो परत इकडे येईल.

फलटणचा_पोर

सासवडला मेंढरं रस्त्याने जातात हे लक्षात ठेवा, दिवाळीनंतर आणि पावसाच्या आधी. वाडा दिसला की लांबूनच दोरी आखूड करा. आणि वाड्यावरच्या माणसाला हाक मारून सांगा की कुत्रा धरलाय. ते थांबून रस्ता देतील.

गौरी_सासवड

दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. लक्षात ठेवते. ताई, येत्या रविवारी किती वाजता येऊ? येताना काय आणू?

मृण्मयी_बावधन

सहा वाजता, ऊन चढायच्या आत. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे आणा, मीठ-मसाला नको. मुलीला सांगा, पहिल्या भेटीत त्याच्याकडे वाकून बघायचं नाही, तोच येईल. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते. त्याचा लशीचा दाखला आणि जनुक तपासणीचा अहवाल छापून ठेवलाय, तो हातातच देईन.